कॅमेरा घेऊन आलेली माणसं

[दृश्य: बंद दार. खालच्या फटीतून बाहेरच्या दिव्याचा उजेड आत येतोय.]

अलीगढ. 8 फेब्रुवारी 2010. विद्यापीठाच्या वसाहतीतलं एक घर. इथे राहणारे प्राध्यापक 64 वर्षांचे आहेत, निवृत्तीला थोडेच महिने उरलेत. मूळचे नागपूरचे. जिथे रस्त्यावर मराठी कानावर पडत नाही, अशा गावात त्यांनी वीसेक वर्षं मराठी शिकवली. कविता लिहिल्या. नाव डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस.

त्या दिवशी ते आपल्या घरात एका पुरुषासोबत होते. दोन माणसं कॅमेरा घेऊन आत घुसली आणि त्यांनी चित्रीकरण केलं. पहिली कारवाई झाली ती घुसणाऱ्यांवर नाही, ज्यांच्या घरात ते घुसले त्या सिरस सरांवर. गैरवर्तन केलं म्हणून निलंबन. घरही सोडायला सांगितलं.

आता मला सांगा, यात घाबरलेलं कोण होतं?

[दृश्य: जुन्या शब्दकोशाची पानं उलटतात.]

हे विचारायचं कारण एक शब्द आहे, होमोफोबिया, म्हणजे समलिंगी माणसांविषयीचं भय. जॉर्ज वाइनबर्ग नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तो रुजवला, 1972 साली आपल्या पुस्तकातून. त्याच्या लक्षात आलं होतं की दवाखान्यात समलिंगी माणसांवर उपचार करणारे त्याचे सहकारीच दवाखान्याबाहेर अशा माणसाशेजारी बसायची वेळ आली की कावरेबावरे होतात. त्याने त्याला नाव दिलं: भय. कुणाला पाण्याचं असतं, कुणाला उंचीचं, तसं.

त्या काळात हे म्हणायला धाडस लागत होतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती 1973 च्या डिसेंबरात. म्हणजे वाइनबर्गचं पुस्तक आलं तेव्हा समलिंगी माणूस अधिकृतपणे रुग्ण होता. वाइनबर्गने बोट उलट वळवलं. बिघाड त्याच्यात नाही, त्याला पाहून दचकणाऱ्यात आहे. या एका शब्दाने कितीतरी लोकांना ताठ मानेने उभं केलं, आणि त्याबद्दल मला त्या माणसाविषयी आदरच आहे.

पण पुढे याच शब्दाने एक अडचण केली. घाबरलेल्या माणसाची आपल्याला कीव येते. अमेरिकेतल्या न्यायालयांत आरोपी सांगू लागले की समोरचा गे आहे हे कळलं, मी भेदरलो, भान गेलं, हात उचलला गेला. खुनाच्या खटल्यांतही हा बचाव मांडला गेला. कॅलिफोर्नियाने कायदा करून तो बंद केला, पण त्यासाठी 2014 उजाडावं लागलं. ग्रेगरी हेरेक या मानसशास्त्रज्ञाने तर भय हा शब्दच बाजूला ठेवा म्हटलं. अशा माणसांच्या मनात भीतीपेक्षा राग आणि किळस जास्त असते, म्हणून याला सरळ पूर्वग्रह म्हणा, असं त्याचं म्हणणं.

मराठीत तर भाषांतर करतानाच बाजू घ्यावी लागते. कुणी 'भयगंड' लिहितं, कुणी 'द्वेष'. मी बरीच वर्षं भयगंड लिहीत आले. सिरस सरांचं प्रकरण वाचलं आणि तो शब्द हाताला येईना. साप दिसला तर माणूस मागे सरकतो. कॅमेऱ्याची बॅटरी भरून, सोबतीला आणखी एकाला घेऊन सापाच्या बिळात शिरत नाही.

[दृश्य: स्वयंपाकघर. परातीत मेथीची जुडी.]

तरी भीती नाहीच, असं मी म्हणणार नाही. ती मी अगदी जवळून पाहिली आहे, माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात.

मावसभावाने तिला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. मावशी मेथी निवडत होती. तो म्हणाला, "आई, माझ्यासाठी स्थळं बघू नकोस. मला मुली आवडत नाहीत. मुलगे आवडतात." मावशीचे हात थांबले नाहीत. ती निवडत राहिली. पानं संपलेली तीच काडी तिने पुन्हा पुन्हा खुडली, पार देठापर्यंत. मग इतकंच म्हणाली, "ताईचं होऊन जाऊ दे. तोवर कुणाजवळ बोलू नकोस, बाळा."

ताईचं लग्न झालं. मग काकांचं ऑपरेशन आलं. मग आजीचं वय झालं, तिला या वयात धक्का नको. प्रत्येक वेळी पुढची तारीख.

मावशी मुलाला घाबरत नव्हती. त्याला वरण-भात वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. ती घाबरत होती जावेला, सोसायटीतल्या बायकांना, ताईच्या सासरला. चारचौघांना. "लोक काय म्हणतील" हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्यातल्या लोकांकडे नीट पाहतच नाही. त्या लोकांना कसलीही भीती नसते. त्यांच्या हातात मुलगी न देणं असतं, घर भाड्याने न देणं असतं, पंगतीत कुजबुजणं असतं. मावशीच्या छातीतली धडधड त्यांच्या जिवावर चालू होती.

आणि त्या लोकांत मीही होते. आमच्या शाळेत एक मुलगा होता, हळू बोलायचा, मुलींच्यात बसून डबा खायचा. मैदानावर त्याला "बायल्या" म्हणून हाक मारायचे आणि सगळे हसायचे. मीही हसले. मुलगे का हसत होते ते आज कळतं. जो हसणार नाही, पुढचा नंबर त्याचा. तेव्हा हो, तिथे भीती होती. पण त्या मुलाने पीटीच्या तासाला मैदानावर येणं सोडलं, आणि त्याच्यासाठी हसण्यामागचं कारण भीती होतं की माज, याने काय फरक पडला असेल? मला त्याची माफी मागायची आहे. तो कुठे असतो ते वर्गातल्या कुणालाच ठाऊक नाही.

[दृश्य: न्यायालयाच्या पायऱ्या.]

कायद्याचं थोडक्यात सांगते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलं. 2 जुलै 2009 ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या खासगी संबंधांपुरतं ते रद्द ठरवलं. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने परत आणलं आणि 6 सप्टेंबर 2018 ला त्याच न्यायालयाने पुन्हा काढलं. यातली पहिली तारीख बघा. सिरस सरांच्या घरात माणसं घुसली तेव्हा दिल्लीचा निकाल येऊन सात महिने झाले होते.

भीती कशी जाते, याचं एक उदाहरण मात्र मला न्यायालयातच सापडलं. 2021 मध्ये मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींची याचिका आली. घरच्यांपासून आणि पोलिसांपासून संरक्षण हवं होतं. न्यायमूर्ती एन. आनंद व्यंकटेश यांनी सुरुवातीच्या एका आदेशात लिहून टाकलं की समलैंगिकता मलाही पुरती समजलेली नाही. मग ते स्वतः समुपदेशकापुढे बसले, या समाजातल्या माणसांना भेटले, प्रश्न विचारले. त्यानंतर त्यांनी आदेश दिले आणि समलिंगी माणसाला 'बरं' करण्याच्या नावाखाली चालणाऱ्या उपचारांवर बंदी घातली. ज्याच्या मनात नुसतं अज्ञान किंवा धास्ती असते तो असा भेटायला जातो. मावशीही शेवटी गेली. अशा मुलांचे आईवडील मुंबईत एकत्र भेटतात, त्यांच्यात जाऊन बसली. मावसभावाला त्यासाठी सहा वर्षं थांबावं लागलं.

कॅमेरा घेऊन येणाऱ्याला कुणाला भेटायचंच नसतं. त्याच्यापुढे ओळख आणि समजावणं चालत नाही, तिथे न्यायालयाचा हुकूमच लागतो.

[दृश्य: पुन्हा तेच दार. दिवस.]

सिरस सरांना तो हुकूम मिळाला होता. 1 एप्रिल 2010 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला, निलंबन थांबवलं. कामावर परत जायचं होतं, आपल्या घरात परत जायचं होतं. 7 एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

त्यांच्या ज्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता, त्याचं नाव 'पायाखालची हिरवळ'.