पुरावा सीमा ओलांडतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

१९८० साली सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरात जोव्हान्नी फाल्कोने नावाच्या तपास न्यायाधीशांनी शहरातल्या बँकांकडे एक मागणी केली. परकीय चलन बदलून दिल्याच्या आधीच्या काही वर्षांच्या पावत्या त्यांना हव्या होत्या. त्या काळी सिसिलीत हेरॉइन शुद्ध होई आणि अमेरिकेत विकलं जाई. माल विकला की दिसेनासा होतो. पैसा मात्र डॉलर बनून परत येतो, आणि येताना कुठल्या तरी काउंटरवर त्याची नोंद होते. फाल्कोने त्या नोंदींच्या मागे गेले. नोंदींचा माग स्वित्झर्लंडपर्यंत गेला, न्यूयॉर्कपर्यंत गेला, आणि त्यांना दुसऱ्या देशांतल्या सहकाऱ्यांची दारं ठोठवावी लागली.

संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याबद्दल मला आज बोलायचं आहे आणि सुरुवात इथूनच करायला हवी, कारण या विषयातलं बरंच काही पालेर्मोतच आधी घडलं आहे.

१९८३ मध्ये तिथले मुख्य तपास न्यायाधीश रोक्को किन्निची बॉम्बस्फोटात मारले गेले. त्यांच्या जागी आलेल्या आंतोनिनो कापोन्नेत्तो यांनी काही न्यायाधीशांचा एक गट बांधला. फाल्कोने त्यात होते, पाओलो बोर्सेलिनो होते. गटाचा नियम साधा होता : प्रत्येकाला मिळालेली माहिती सगळ्यांची. एकाला संपवलं तर तपास संपू नये, म्हणून. माफियाचा खरा आधार एकट्या पडलेल्या अधिकाऱ्याचं एकटेपण हाच होता, आणि या नियमाने नेमका तो आधार काढून घेतला. देशादेशांतल्या सहकार्याचं मर्मही मला यातच दिसतं.

पुढची कडी ब्राझीलमध्ये होती. माफियातला जुना माणूस तोम्मासो बुशेत्ता तिथे पकडला गेला. १९८४ मध्ये त्याला इटलीच्या ताब्यात दिलं गेलं आणि तो फाल्कोनेंपुढे बोलू लागला. संघटनेची रचना कशी, हुकूम कोण देतो, सगळं त्याने सांगितलं. नंतर अमेरिकेतल्या हेरॉइनच्या मोठ्या खटल्यातही त्याने साक्ष दिली आणि तिथल्या सरकारने त्याला संरक्षण दिलं. अशा साक्षीदारांना संरक्षण देणारा कायदा तेव्हा इटलीत नव्हताच, तो १९९१ मध्ये आला. एका माणसाच्या साक्षीसाठी तीन देशांच्या यंत्रणा कामाला लागल्या, तेव्हा कुठे १९८६ साली पालेर्मोच्या तुरुंगाला लागून बांधलेल्या भक्कम न्यायालयात माफियाविरुद्धचा तो प्रचंड खटला उभा राहिला. आरोपी चारशेहून अधिक. १९८७ च्या डिसेंबरात तीनशेहून अधिक जण दोषी ठरले आणि जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाचा गाभा कायम ठेवला.

त्याच वर्षी २३ मे रोजी विमानतळाकडून शहराकडे येणाऱ्या रस्त्याखाली पेरलेल्या स्फोटकांनी फाल्कोने, त्यांच्या पत्नी आणि स्वतः न्यायाधीश असलेल्या फ्रान्चेस्का मोर्विल्लो आणि तीन अंगरक्षक मारले गेले. सत्तावन्न दिवसांनी बोर्सेलिनो गेले, त्यांच्याबरोबर पाच पोलीस. स्वतःच्या हत्येच्या जेमतेम महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, फाल्कोने व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांच्या गुन्हे प्रतिबंध आयोगाच्या पहिल्या अधिवेशनाला हजर होते.

डिसेंबर २००० मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा जागतिक करार सह्यांसाठी खुला झाला, तो याच पालेर्मोत. २९ सप्टेंबर २००३ ला तो अमलात आला आणि आज १९० हून अधिक पक्ष त्याने बांधलेले आहेत. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. संघटित गुन्ह्यांची यादी करारात नाही. तीन किंवा अधिक माणसांची, काही काळ टिकून राहिलेली, फायद्यासाठी गंभीर गुन्हे करणारी टोळी, एवढीच व्याख्या आहे. गंभीर म्हणजे ज्याला कमाल शिक्षा किमान चार वर्षं कैदेची असू शकते तो गुन्हा. त्यामुळे २००० साली कुणाच्या मनातही नसलेले धंदे, ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने धरून, याच चौकटीत बसतात.

मग अडतं कुठे? अडतं ते कागदावर, श्रोतेहो. समजा, एका देशातल्या टोळीने लुटलेला पैसा चार देशांतल्या खात्यांतून फिरला. पैशाला त्याला काही मिनिटं लागतात. पुराव्याचा प्रवास वेगळा. तपास अधिकारी विनंतीपत्र लिहितो, ते न्यायालयातून मंत्रालयात जातं, तिथून परदेशातल्या मध्यवर्ती कचेरीकडे. भाषांतर लागतं. तिथल्या कायद्यात तो गुन्हा आहे का, हे तपासलं जातं. एखादा तपशील अपुरा असला की पत्र परत. हे होईपर्यंत खातं रिकामं झालेलं असतं आणि फोन कंपनीने ठरलेल्या मुदतीनंतर नोंदी पुसलेल्या असतात. करार सगळे केलेले, सह्या सगळ्या झालेल्या, आणि पुरावा मात्र नाही.

यावरचा उपाय दिखाऊ नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. विनंतीपत्रं हाताळणाऱ्या कचेरीत पुरेशी, प्रशिक्षित माणसं हवीत. समोरच्या देशातल्या सरकारी वकिलाला पत्र पाठवण्याआधी फोन करून ‘तुमच्या न्यायालयाला नेमकं काय लागेल?’ असं विचारता आलं पाहिजे. युरोपात संयुक्त तपास पथकं करतात ती अशाच रोजच्या ओळखीवर चालतात. २०२० मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी एन्क्रोचॅट या गुन्हेगारांच्या आवडत्या सांकेतिक संदेशसेवेत शिरकाव केला, तो एकत्र काम करूनच. त्या पुराव्यावर अनेक देशांच्या न्यायालयांत जोरदार वाद झाले. ते व्हायलाच हवेत, कारण पुरावा मिळवण्याची रीत तपासली गेली नाही तर शिक्षा टिकत नाही.

दुसरी गोष्ट लोकांना चटकन पटत नाही. फरार आरोपी परत आणायचा तर आपला तुरुंग माणसाला ठेवण्यालायक आणि आपलं न्यायालय निष्पक्ष असावं लागतं. २०१६ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की मागणी करणाऱ्या देशातल्या तुरुंगात अमानुष वागणुकीचा खरा धोका दिसत असेल, तर संघाच्या सदस्य देशांमध्येसुद्धा आरोपीचा ताबा देणं थांबवावं लागेल. आरोपीचे हक्क म्हणजे गुन्हेगाराला दिलेली सवलत, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. गर्दीने फुटायला आलेली कोठडी आणि मारहाण करून घेतलेला कबुलीजबाब परदेशात बसलेल्या टोळीप्रमुखाच्या वकिलाच्या हाती आयतं हत्यार देतो. इंटरपोलची रेड नोटीससुद्धा अटकेचं वॉरंट नसते. तिच्यावर काय करायचं, हे प्रत्येक देश आपल्या कायद्याने ठरवतो, आणि राजकीय विरोधकांविरुद्ध तिचा वापर झाला की खऱ्या नोटिसांवरचा विश्वासही उडतो.

शेवटी बळी पडलेल्यांबद्दल, कारण सहकार्याच्या चर्चेत त्यांना सर्वात कमी वेळ मिळतो. जागतिक कराराला मानवी तस्करीबद्दलचा जोडकरार आहे. फसवून, धाक दाखवून माणसाला शोषणासाठी नेलं असेल तर त्याची संमती होती हा बचाव चालत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आग्नेय आशियात नोकरीच्या आशेने गेलेली आणि पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली माणसं सुटतात, तेव्हा अनेकदा त्यांनाच बेकायदा स्थलांतरित म्हणून डांबलं जातं किंवा पुढच्या विमानाने घरी पाठवलं जातं. त्यांच्याबरोबर साक्षही निघून जाते आणि मालक मोकळा राहतो. अशांना तात्पुरतं किंवा कायम राहू देण्याचा विचार करावा, असं जोडकरार देशांना सांगतो. विचार करावा, एवढंच. प्रत्येक देशाने हे बंधनकारक करावं, राहण्याचा परवाना, वकील आणि दुभाषा पहिल्याच दिवशी द्यावा, आणि तो मिळण्यासाठी साक्ष देण्याची अट घालू नये, असं माझं ठाम मत आहे. सुरक्षित वाटलं की माणूस बोलतो. तेव्हा त्याचा जबाब दोन्ही देशांच्या न्यायालयांत ग्राह्य ठरेल अशा रीतीने नोंदवण्याची तयारी तपास यंत्रणांनी आधीच करून ठेवायला हवी.

नमस्कार.