इन्स्क्रिप्टवर या

नमस्कार मंडळी. इथे बसलेल्यांपैकी बरेचजण ऑफिसात दिवसभर हिंदी टाईप करतात आणि घरी आल्यावर नातेवाइकांना मराठीत लिहितात. इंदूरच्या मराठी माणसाचं हे रोजचंच आहे. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. रेमिंग्टन म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या क्रमाचा कीबोर्ड असो, की रोमन अक्षरांत उच्चार लिहून चालणारा फोनेटिक, ते सोडा आणि इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय लिपींसाठी केलेल्या कीबोर्डच्या मांडणीवर या. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग आहे.

टाइपरायटरवर अक्षर डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने ठोकावं लागे, कारण कागद एकाच दिशेने सरकायचा. ‘किती’ लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग क. ‘सूर्य’ लिहायचं तर स, दुसरा उकार, य आणि सगळ्यात शेवटी रफार. ती यंत्राची गरज होती. पुढे संगणक आले, कृतिदेवसारखे फॉन्ट आले, पण बोटांचा क्रम तोच राहिला. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिपी साठवायच्या आजच्या प्रमाण पद्धतीत, मात्र शब्द आपण उच्चारतो त्या क्रमाने साठवला जातो: स, ऊकार, र, हलन्त, य. इन्स्क्रिप्टवर बोटंही याच क्रमाने चालतात.

हा आराखडा 1986 साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने पुढे आणला आणि 1991 मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकात तो आला. त्याची रचना जरा नीट बघू, कारण मला तो आवडतो तो याच रचनेमुळे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत प, क, त, च, ट आहेत. प्रत्येकाच्या वरच्या ओळीत त्याच वर्गातलं मृदू व्यंजन: प वर ब, क वर ग, त वर द, च वर ज, ट वर ड. आणि शिफ्ट दाबलं की त्याच बटणावर महाप्राण. क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. म्हणजे पाच जागा लक्षात ठेवल्या की वीस अक्षरं हाती येतात. शाळेत पाठ केलेली वर्णमाला इथे सरळ कामाला येते.

हिंदीसाठी आणि मराठीसाठी जागा त्याच. गुजराती किंवा बंगाली लिपीतही क त्याच बटणावर सापडतो. ळ हवा असेल तर ल चंच बटण शिफ्टसह. ‘दुसऱ्या’ लिहिताना शिफ्टसह र घ्या, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर डोक्यावर रफार येतो आणि शब्द चुकतो. आपल्याकडच्या पत्रिकांत, निमंत्रणांत ही चूक सर्रास दिसते, आणि ती बटण न सापडल्यामुळे होते, व्याकरण न आल्यामुळे नाही.

फोनेटिक सोपं वाटतं हे खरं. फोनवर दोन ओळींचा निरोप पाठवायला ते पुरेसंही आहे. पण लांबलचक लिहायला बसलात की प्रत्येक शब्दाचं आधी रोमन स्पेलिंग करायचं, मग यंत्राने सुचवलेल्यांतून निवडायचं. ‘पाणी’ आणि ‘पानी’ रोमनमध्ये सारखेच दिसतात. इंदुरात हा गोंधळ तर पावलोपावली.

कोणी म्हणेल, इंग्रजीत तरी लोकांनी कुठे बदल केला? ऑगस्ट ड्वोराक यांनी 1936 मध्ये नव्या मांडणीचं पेटंट घेतलं, तरी जग क्वर्टीवर, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी मांडणीवरच राहिलं. बरोबर आहे, तिथे सगळी यंत्रं आणि शिकलेली सगळी माणसं जुन्या मांडणीची होती. इन्स्क्रिप्ट मात्र विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आधीपासून आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, फोनेटिक नसलेला कीबोर्ड निवडा, झालं. आणि आपल्या मध्य प्रदेशच्या सीपीसीटी या संगणक-टायपिंगच्या परीक्षेतही रेमिंग्टन गेल (रेमिंग्टनचाच एक प्रकार) किंवा इन्स्क्रिप्ट, दोन्हींतून निवडता येतं. नव्याने तयारी करणाऱ्या मुलामुलींनी दुसरा विचारच करू नये.

आता बदल कसा करायचा. सुरुवातीचे काही आठवडे वेग पडतो, चिडचिड होते. त्यामुळे मार्चएंडच्या धामधुमीत हे काढू नका. बटणांवर स्टिकर लावू नका, नजर खालीच राहते. तक्ता छापून स्क्रीनशेजारी लावा. रेमिंग्टनवाल्यांनी निदान पहिले काही दिवस जुना कीबोर्ड पूर्ण बंद ठेवावा, नाहीतर वेलांटी आधी की नंतर, या घोळात दोन्ही हात बिघडतात. त्यांच्यासाठी ‘किती, दिवस, निळा, शिक्षक’ असे शब्द पुन्हापुन्हा घ्या. बाकीच्यांनी ‘राजवाडा’पासून सुरुवात करा: र उजव्या पहिल्या बोटाखाली, काना डाव्या हाताला, ज वरच्या ओळीत उजवीकडे. मग सराफा, मग घरातल्यांची नावं. जे रोज लिहिता तेच सरावाला घ्या.

निवृत्तीला वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या आणि रेमिंग्टनवर हात बसलेल्या माणसाला मी आग्रह करणार नाही. त्यांचं कौशल्य मोठं आहे. पण त्यांनी नातवंडांना तरी रेमिंग्टन शिकवू नये.

तक्ते मागच्या टेबलावर ठेवलेत, जाताना घेऊन जा. आता प्रश्न विचारा.