शेंगा चटणीतले तेल आणि हृदय

सोलापुरी शेंगा चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात इतके कुटले जातात की दाण्यांचे तेल सुटून चटणी ओलसर होते. रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की पथ्य म्हणून हीच चटणी ताटातून उचलली जाते, आणि शेव-फरसाणाचा डबा मात्र जागेवर राहतो. हे पथ्य उलटे आहे.

शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसते. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो, पण त्यातला जवळपास निम्मा ओलेइक आम्लासारख्या असंपृक्त मेदाचा असून संपृक्त मेद सुमारे ७ ग्रॅमच भरतो. हा फरक यकृताच्या कामात दिसतो. रक्तातील एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते यकृताच्या पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहींनी पकडून आत घेतात; आहारात संपृक्त मेद फार झाला की या ग्राहींचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच साचत जाते, तर त्याची जागा असंपृक्त मेदाने घेतली की ही सफाई सुधारते. शिवाय दाण्यांतले वनस्पतिजन्य स्टेरॉल आतड्यात कोलेस्टेरॉलचे शोषण काही अंशी रोखतात.

‘जागा घेतली’ हे इथे महत्त्वाचे. वनस्पती तूप किंवा पामतेलात तळलेल्या पदार्थांऐवजी दाणे खाल्ले तर लाभ होतो. तेवढेच तळण खाऊन वर दाणे खाल्ले, तर ३० ग्रॅमांमागे सुमारे १७० कॅलरी वाढतात.

स्पेनमधील प्रेडिमेड अभ्यासात भूमध्यसागरी आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम आणि हेझलनट देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आणि त्रुटी दुरुस्त करून २०१८ मध्ये पुन्हा मांडलेल्या निष्कर्षांत, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्यात पक्षाघातातली घट सर्वांत ठळक होती. त्या मिश्रणात शेंगदाणे नव्हते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा आपल्या चटणीला लावता येणार नाही.

ज्वारीच्या भाकरीबरोबर दोन चमचे चटणी घेण्यात, दाण्याची ॲलर्जी नसेल तर, तेलाचे भय बाळगू नये. पाहायचे आहे ते मीठ. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ते कमी घालून चटणी घरीच कुटावी, आणि डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी तिच्या भरवशावर बंद करू नये.