नीमचची मुळी

फेब्रुवारी महिना. मध्य प्रदेशातला नीमच जिल्हा. अश्वगंधाची पानं वाळलीत, झाडावर उठून दिसतायत ती ही लाल फळं. फळं लाल झाली की काढणी आली.

झाड मुळासकट उपटायचं. जमीन अगदीच कोरडी असेल तर मुळी आत तुटते, आणि पाच-सहा महिन्यांच्या मेहनतीतला तेवढा तुकडा मातीतच राहतो. उपटलेलं झाड कोयत्यानं तोडून मुळी वेगळी करतात, उन्हात वाळवतात, मग काठीनं अशी झोडपतात. धुरळा उडतो, माती झडते, बारीक तंतू तुटून पडतात.

आता निवड. जाड, लांब, मोडली की काडकन तुटणारी आणि आतून पांढरी, ती वरच्या ढिगात. काटकीसारखी बारीक, ती खालच्या. यंत्र नाही, चाळण नाही, नुसती बोटं.

आणि हा बाजूला पडलेला पाला. तो मुळीपेक्षा कितीतरी स्वस्त. मुळीच्या अर्कात पाला मिसळण्याचा मोह इथूनच सुरू होतो. 2021 मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना पानं वापरू नका, असं बजावलं. बजावावं लागलं, यातच काय ते आलं.

मुळीचा अर्क जिममध्ये पोचतो तो कॅप्सूल होऊन. काम करतो का? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 57 पुरुष होते. काहींना 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण बिनऔषधी कॅप्सूल. आठ आठवडे सगळ्यांनी वजनं उचलली. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून वर ढकलायच्या वजनात, अर्कवाले सरासरी 46 किलोंनी वाढले, दुसरे 26 किलोंनी. मात्र ही मंडळी वेट ट्रेनिंगमध्ये जवळपास नवशिकी होती. आणि ते 26 किलो? ते निव्वळ घामाचे.

यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, डेन्मार्कनं 2023 मध्ये बंदी घातली, गरोदरपणात ही मुळी टाळायला सांगतात.

नीमचची मंडी. पोती उघडली, बोली सुरू झाली. व्यापारी मुळी मोडून बघतो, जाडी बघतो, रंग बघतो आणि भाव बोलतो. डबीवर छापतात तो विदॅनोलाइडचा, म्हणजे मुळीतल्या गुणकारी मानल्या जाणाऱ्या द्रव्यांचा, टक्का पुढे कारखान्यात मोजला जातो. शेतकऱ्याला पैसे मिळतात ते या नजरेच्या पारखीवर.