दियाफावरचा खलाशी

आधी जरा आवाज ऐका. लांबलचक सुरी चिकनवरून खाली घसरतेय ना, तो. दुबईतल्या सतवा भागात, ह्या फुटपाथला लागून, हा आवाज 1979 पासून चालू आहे. हॉटेल लेबनीज खाण्याचं, नाव अल मल्लाह. मल्लाह म्हणजे अरबीत खलाशी, आणि हो, हिंदीतला होडी वल्हवणारा मल्लाह तो हाच शब्द.

त्याच 1979 साली इथून जवळच वर्ल्ड ट्रेड सेंटरचा 39 मजली टॉवर उघडला, उद्घाटनाला इंग्लंडची राणी आलेली, तेव्हा दुबईत एवढं उंच दुसरं काही नव्हतं. आता 828 मीटरच्या बुर्ज खलिफापुढे तो टॉवर बिचारा धाकट्या भावासारखा दिसतो. आणि तिकडे लेबनॉनमध्ये 1975 ला पेटलेली यादवी 1990 पर्यंत चालली, लाखो माणसं देश सोडून गेली, आणि जिथे गेली तिथे आपला स्वयंपाक घेऊन गेली.

रस्त्याचं नाव आता सेकंड डिसेंबर स्ट्रीट. 2 डिसेंबर 1971 ला अमिरातींचा देश झाला, त्याची सही झाली ते युनियन हाऊस ह्याच रस्त्याच्या समुद्राकडच्या टोकाला, म्हणून 2011 मध्ये नाव बदललं. त्याआधी होतं अल दियाफा, म्हणजे पाहुणचार. जुनी माणसं अजून दियाफाच म्हणतात, आपण नाही का व्हीटीच म्हणत, तसं.

बरं, शवर्मा. मूळ तुर्की शब्दाचा अर्थ नुसता फिरवणं. मसाल्यात मुरवलेलं मांस उभ्या सळईवर थरावर थर लावतात, शेजारी आच, बाहेरचा थर भाजला की तेवढाच कापायचा, आतला परत आचेला. म्हणून शवर्मा गर्दीच्या दुकानातच खावा असं माझं ठाम मत आहे, गिऱ्हाईक नसलं की तोच थर आचेसमोर फिरत राहतो आणि चामडं होतं.

आत पांढरं फासतात ना, त्याला आपले लोक मेयोनीज म्हणतात. चूक! ते तूम. लसूण, मीठ, लिंबू आणि थेंबथेंब सोडत घोटलेलं तेल, अंड्याचा पत्ता नाही, नुसत्या लसणाच्या जोरावर ते लोण्यासारखं उभं राहतं. सोबत लोणचं, पण आपल्यासारखं तेलातलं नाही, मिठाच्या पाण्यातली काकडी आणि बीटाने गुलाबी झालेला सलगम.

शाकाहारी मंडळींनो, तुमच्यासाठी फलाफल, म्हणजे छोल्यांचा वडाच समजा, फक्त छोले शिजवत नाहीत, भिजवून कच्चेच वाटतात, शिजवले तर तेलात फुटतो आणि मग बसा गोळा करत. वर तिळाची पातळ चटणी, ताहिनी.

आता संध्याकाळ झालीय, बाहेरच्या खुर्च्या भरायला लागल्यात. शेजारच्या टेबलावर मल्याळम, पलीकडे फिलिपिनो लोकांची टागालोग, मागे अरबी, आणि आमच्याच टेबलावर डोंबिवलीहून आलेले काका हळूच विचारतायत, अरे, ती लसणाची चटणी अजून एक वाटी मिळेल का बघ ना.