दोन खंजीर आणि एक टोपी

पडद्यावर दिसणारे हे चांदीचे नाणे, म्हणजे रोमन देनारियस, वजनाला जेमतेम चार ग्रॅम भरते. ज्युलियस सीझरच्या हत्येच्या कटातील एक सूत्रधार मार्कस ब्रुटस याने ते इ.स.पू. ४३-४२ च्या सुमारास पाडले. रोममध्ये नव्हे, तर आपल्या सैन्याबरोबर फिरणाऱ्या टाकसाळीत.

आधी मागील बाजू पाहू, कारण या नाण्याचे सारे धाडस तिथे आहे. मध्यभागी एक टोपी, तिच्या दोन्ही अंगांना एकेक खंजीर आणि खाली ‘एइद मार’ ही अक्षरे. त्यांचा अर्थ मार्च महिन्याची १५ तारीख, इ.स.पू. ४४ मध्ये याच दिवशी सीझरवर वार झाले. पिलियस नावाची ही टोपी रोममध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूस घालत असे. सीझरच्या सत्तेखाली सारे रोम गुलाम झाले होते आणि या शस्त्रांनी त्याला मोकळे केले, एवढा मोठा दावा इथे तीन वस्तू आणि एका तारखेत मांडला आहे. खंजिरांच्या मुठी निरखून पाहिल्या, तर त्या एकसारख्या नाहीत. तिसऱ्या शतकाच्या प्रारंभी लिहिणाऱ्या कॅशियस डिओ या इतिहासकाराने याच नाण्याचे वर्णन केले असून, ब्रुटस आणि त्याचा साथीदार कॅशियस या दोघांनी मिळून मायभूमी मुक्त केली, असा त्याचा अर्थ लावला आहे. प्राचीन ग्रंथात एका विशिष्ट नाण्याचा इतका स्पष्ट उल्लेख क्वचितच सापडतो.

दर्शनी बाजूवर मात्र खुद्द ब्रुटसचा चेहरा आहे, आणि इथे थबकावे लागते. रोमच्या टाकसाळीतील नाण्यांवर हयातीतच ज्याची प्रतिमा झळकली, असा पहिला रोमन सीझर होता. उलट ब्रुटसने इ.स.पू. ५४ च्या सुमारास, टाकसाळीचा अधिकारी असताना, स्वातंत्र्यदेवता लिबर्टास आणि रोममधून राजाला हाकलणारा आपला मानलेला पूर्वज नाण्यांवर आणला होता. त्याच माणसाने पुढे सीझरचाच पायंडा गिरवावा, ही विसंगती माझ्या मते कोणत्याही युक्तिवादाने पुसली जात नाही.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपी येथे पराभव झाल्यावर ब्रुटसने आत्महत्या केली. त्याचे चिन्ह मात्र टिकले. इ.स. ६८ च्या यादवीत पाडलेल्या काही निनावी देनारियस नाण्यांवर दोन खंजिरांमधील टोपी पुन्हा अवतरली आणि तिच्याभोवती रोमन जनतेचे स्वातंत्र्य परत मिळाल्याची घोषणा कोरण्यात आली.