बुद्रुक की खुर्द? : ११२ च्या खुर्चीतली वर्षं

(दृश्य: रात्रीचे दोन. पोलीस नियंत्रण कक्ष. दोन स्क्रीन, हेडसेट, हाताशी वायरलेस संच.)

स्क्रीनवर नवा इव्हेंट, म्हणजे मदतीच्या कॉलची नोंद, उमटतो. वडगाव. घरात मारहाण, महिला जखमी. खाली फोन नंबर आणि नकाशावर एक मोठा गोल. गाडी लगेच काढायची आहे, पण कोणत्या वडगावला? पुण्याच्या एका परिसरात वडगाव शेरी नगर रस्त्याला, वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द सिंहगड रस्त्याला, तर वडगाव मावळ पार लोणावळ्याच्या वाटेवर. गाड्या पाठवणारा डिस्पॅचर परत फोन लावतो. "ताई, बुद्रुक की खुर्द? जवळ शाळा, देऊळ, दुकानाची पाटी, काय दिसतंय?"

महाराष्ट्रात ११२ या आणीबाणीच्या क्रमांकाला लावलेला फोन आधी नवी मुंबईत महापे इथे किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथे माहिती टिपून इव्हेंट तयार होतो आणि त्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात डिस्पॅचरसमोर येतो. डिस्पॅचर तो जवळच्या गाडीत बसवलेल्या एमडीटीच्या (मोबाईल डेटा टर्मिनल) पडद्यावर धाडतो. साखळी छोटी आहे, पण पहिल्या कडीत राज्यभरातले आवाज एकत्र येतात. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. घाबरलेला माणूस नुसतं "शिरूर" म्हणतो, कारण त्याच्या लेखी शिरूर एकच असतं.

म्हणून प्रश्नांचा क्रम ठरलेला. आधी ठिकाण, मग नंबर, मग काय घडलं. "काय झालं?" असं आधी विचारलं की माणूस सुरुवातीपासून सांगत सुटतो, आणि मध्येच फोन तुटला तर हातात काहीच उरत नाही. नुसतं ठिकाण कळलं तरी गाडी निघू शकते. मोबाईलचं स्थान टॉवरवरून आलं असेल, तर खेड्यापाड्यात तो गोल काही किलोमीटरचाही असतो. तिथे पार, पाण्याची टाकी, विजेच्या खांबावरचा क्रमांक हाच पत्ता. द्रुतगती मार्गावर किलोमीटरचा दगड विचारायचा आणि त्याच्या जोडीला दिशाही: मुंबईकडे तोंड की पुण्याकडे? दिशा चुकली तर गाडी दुभाजकाच्या पलीकडे उभी राहते आणि पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

एका अपघाताचे दहा फोन येतात. ते एकाच इव्हेंटला जोडायचे असतात, नाहीतर दोन गाड्या एकाच जागी पोहोचतात आणि तिसरीकडे कोणीच नसतं. पण न ऐकता जोडलेला आठवा फोन घात करतो. तो मागच्या वळणावरच्या दुसऱ्याच अपघाताचा असू शकतो.

ओरडणाऱ्या माणसाशी बोलताना वाक्य बदलायचं नाही. "दादा, दाराबाहेर पडता येतंय का?" तेच शब्द, तोच स्वर, तीनदा, चारदा. शब्द बदलले की भेदरलेल्या मनाला तो नवा प्रश्न वाटतो. आणि गप्प असलेला फोन ठेवायचा नाही. "बोलता येत नसेल तर नुसतं हो किंवा नाही म्हणा." मागून भांडी आपटल्याचा आवाज, दबलेला हुंदका, हीदेखील माहितीच.

(दृश्य: जुनी वही. पानांच्या कडा मळलेल्या.)

सॉफ्टवेअर काही आठवड्यांत हाताशी येतं. हद्द कळायला वर्षं लागतात, आणि या खुर्चीत मुरलेल्या माणसाची खरी किंमत तिथेच आहे. एकाच नावाची गावं, वस्त्यांची लोकांच्या तोंडी असलेली नावं, पावसात पाण्याखाली जाणारे पूल, मोठी गाडी न शिरणाऱ्या गल्ल्या, वायरलेस न लागणारे घाट. हे सगळं वहीत असावं. अधूनमधून परवानगी घेऊन एक पाळी गाडीत बसून काढावी. पडद्यावर चार मिनिटांचा दिसणारा रस्ता बाजाराच्या दिवशी पंधरा मिनिटं का खातो, ते तिथेच कळतं. गाडीने कॉल स्वीकारल्याची खूण आली नाही, तर वाट बघत बसू नये, हेही तिथेच पटतं. लगेच वायरलेस, तोही लागला नाही तर फोन, नाहीतर दुसरी गाडी.

या कामात माणसाला बहुतेक वेळा आतून पोखरते ती अर्धवट राहिलेली गोष्ट. फोन ठेवला, गाडी पोहोचली, पुढे काय झालं? इव्हेंट बंद होताना गाडीवरचे कर्मचारी काय कारवाई केली ते लिहितात. ते आवर्जून वाचावं. शेवट वाईट असला तरी माहीत असलेला बरा, कारण न कळलेला शेवट मन रात्रभर स्वतः रचत बसतं. लहान मुलाचा किंवा आत्महत्येचा कॉल झाला, तर दहा मिनिटं खुर्ची सोडायची आणि सहकाऱ्याने ती न बोलता सांभाळायची. ही सवय लावणं पाळीप्रमुखाचं काम. ज्या कक्षात ती आहे, तिथे माणसं टिकतात.

झोपही अशीच जपावी लागते. पहिल्या रात्रपाळीआधी दुपारी दीड तास झोप. डबा बाराच्या आत. चहातलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारचा कप सकाळी नऊला अर्धा अंगातच असतो. म्हणून शेवटचा चहा दोनच्या आसपास. घरी जाताना गॉगल, खोलीला जाड पडदा. हेडसेट दर तासाला दुसऱ्या कानावर, आवाज शक्य तितका खाली.

(दृश्य: सकाळचे आठ. दुसरी पाळी येते.)

खुर्ची सोडण्याआधी उघडे इव्हेंट एकेक करून वाचून दाखवायचे, नुसतं "बघून घ्या" म्हणायचं नाही. "वडगाव बुद्रुक, नुकताच आलेला कॉल. शाळेमागची इमारत, तिसरा मजला, लिफ्ट बंद. गाडी पोहोचली, रुग्णवाहिका यायची आहे. ताईंचा फोन चालू ठेवलाय." येणारा तेच शब्द परत म्हणतो आणि हेडसेट कानाला लावतो.